नागपुरात लॅव्हेंडर, रोजमेरी कोणी टिकवली आहे का? माझं अकरावं झाड काल गेलं

गच्ची_त्रिमूर्तीनगर · 6 ऑगस्ट, रात्री 9.40

नमस्कार. काल अकरावं झाड उपटून टाकलं. रोजमेरी होती. खोडाला धरून जरा ओढलं तर साल हातात आली आणि मुळांना तुंबलेल्या मोरीचा वास. तीन वर्षांत अकरा झाडं, आणि कुरियर धरून चोवीसशे रुपये. पैशांचा हिशेब मी ठेवत नाही, आमचे हे ठेवतात आणि पाहुण्यांना वाचून दाखवतात.

घर त्रिमूर्तीनगरला, गच्ची पूर्ण उघडी, दक्षिणेकडे कसलाच आडोसा नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, त्यामुळे नोंदी करायची खोड आहे. वहीतलं जसंच्या तसं देते.

पहिलं वर्ष: लॅव्हेंडर 4. गेली 11 जुलै, 19 जुलै, 19 जुलै, 2 ऑगस्ट.
दुसरं वर्ष: रोजमेरी 2, थाइम 2, लॅव्हेंडर 1. थाइम दोन्ही 30 जूनच्या आठवड्यात, बाकी सगळी नागपंचमीच्या आत.
यंदा: रोजमेरी 2. एक 22 जुलै, एक काल.
बारावं म्हणजे ऑलिव्हचं कलम, 650 रुपयांचं. ते जिवंत आहे, पण गेल्या दिवाळीपासून होतं तेवढंच आहे.

माझा समज असा की नागपूरचं ऊन यांना सोसत नाही. म्हणून मी मे महिना डोळ्यांत तेल घालून काढते. हिरवी जाळी, सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर कुंड्या खाली आणून कूलरसमोर ठेवते. नवतपा काढतात हो बिचारी! मृग लागला की मला हायसं वाटतं, आता हवा गार झाली, सुटलो. आणि तेव्हाच मरतात. उन्हाचा मार असा उशिरा दिसतो का?

हे वेड लागलं ऑस्ट्रेलियात, पर्थला. भाची तिकडे असते. तीन वर्षांमागे सप्टेंबरात गेले होते, तर रस्त्याच्या कडेला रोजमेरीचं कुंपण, कमरेएवढं, आणि त्याला कोणी पाणीसुद्धा घालत नाही. भाची म्हणते उन्हाळ्यात तिकडेही पारा चाळीसच्या वर जातो. मग तिकडे जगते ती आमच्याकडे का मरते?

अजून एक. भाची म्हणते, कांगारू पॉ नावाच्या तिकडच्या फुलाचं बी साध्या पाकिटातून पाठवते. मागवू का? आणि नाहीतर अशी वेगळी झाडं मिळवायची कुठून? इथल्या नर्सरीत विचारलं तर एकाने मला लॅव्हेंडर म्हणून जांभळी साल्व्हिया दिली.

मृगबहार_काटोल · 6 ऑगस्ट, रात्री 10.25

ताई, वही लय झ्याक ठेवली तुमी. आता तुमीच वाचा थे एकदा. मे मधी एकतरी मेलं का?

आमच्या संत्र्याचं असंच आहे. माणूस म्हणते उन्हानं झाड गेलं. ऊन कायले मारते? मे मधी तर आमी सोताच पाणी तोडतो, ताण देतो मृग बहाराले. पानं मलूल होतात, झाड झोपते, अन् पह्यला पाऊस पडला का फुलते. मरत नाही. मरते थे पावसात. बुडाशी पाणी थांबलं का फायटोप्थोरा नावाची बुरशीसारखी कीड लागते, साल सडते, डिंक येते. डिंक्या म्हणतो आमी. तुमच्या रोजमेरीची साल हातात आली म्हणता, मोरीचा वास म्हणता, थेच आहे.

आमी काय करतो सांगतो. जंबेरीवर (थे रानटी लिंबाचं झाड) संत्र्याचा डोळा भरतो, म्हंजे कलम करतो, तो जमिनीपासून वीतभर उंच ठेवतो, मातीत गाडू देत नाही. आळं दुहेरी करतो, म्हंजे पाणी खोडाले लागत नाही, बाहेरच्या आळ्यात जाते. अन् पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा खोडाले बोर्डो मलम. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. तुमच्या एवढ्याशा झाडाले मलम नका लावू, पण बूड कोरडं ठेवा बाप्पा.

प्रतापनगर_तिसरा_मजला · 7 ऑगस्ट, सकाळी 6.15

काटोलच्या भाऊंनी मुद्द्याचं सांगून टाकलं, मी आता नुसता पाल्हाळ लावतो. वय 68, सर्व्हेअर होतो, 2012 पासून हीच झाडं मारतोय आणि आता आता थोडी जगवतोय.

ताई, तुमचा पर्थचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्यातच उत्तर आहे. तिकडे चाळीस अंश असतात तेव्हा पाऊस नसतो. पाऊस येतो थंडीत, मे ते ऑगस्ट, कारण तिकडे तेव्हा हिवाळा. जगात असे पाचच पट्टे आहेत: भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, चिलीचा मधला भाग, दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य नि दक्षिण किनारा. पाचही ठिकाणी एकच रीत, ऊन आलं की कोरडं आणि ओल आली की थंड. या झाडांच्या मुळांनी गरम आणि ओलं हे दोन्ही एकदम कधी पाहिलेलंच नाही. अथेन्सला वर्षभरात पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः थंडीत. आपल्याकडे एकट्या जुलैत तीनशेच्या घरात पडतो, आणि रात्री मातीला हात लावला तर कोमट.

फायटोप्थोराला हेच हवं असतं. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत मुळापर्यंत जातात. कुंडीत पाणी चार तास उभं राहिलं तरी त्यांचं काम होतं.

माझी खात्री पटली 2013 साली. त्या मे महिन्यात आपल्या इथे पारा 47.9 ला गेला होता, अनेकांना आठवत असेल. माझ्याकडे तेव्हा तीन रोजमेरी होत्या, जाळी नाही, काही नाही, पानं राखाडी पडली होती. तिन्ही जगल्या. मी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवल्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिन्ही गेल्या. शेजारी स्वतःहून बघायला आले.

तेव्हा आधी तुमचा कूलर बंद करा, म्हणजे झाडांपुरता. ओली हवा आणि संध्याकाळचं पाणी या दोन गोष्टींनी तुम्ही मे महिन्यातच पावसाळा सुरू करताय. तापलेल्या कुंडीत संध्याकाळी पाणी घालणं म्हणजे मुळांचा काढा करणं. मेमध्ये पाणी सकाळी सहाच्या आत, एकदाच, भरपूर. जाळी राहू द्या, तिचं वाईट नाही.

आता माझी रीत. एक एक गोष्ट झाड मेल्यावर शिकलो आहे.

कुंडी मातीची, न रंगवलेली, रुंदीपेक्षा उंच. प्लास्टिकची काळी कुंडी गच्चीवर ठेवणार असाल तर झाड मागवूच नका. खाली तीन विटा, कारण स्लॅब रात्री नऊपर्यंत तापलेला असतो आणि तळाचं भोक स्लॅबला चिकटलं की पाणीही अडतं.

माती हा शब्द विसरा. आपली काळी माती कपाशीला सोनं आहे, पण कुंडीत पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हात वीट. मी दोन भाग मुरूम घेतो, वाटाण्याएवढा चाळलेला, एक भाग कन्हानची जाड रेती धुऊन, आणि एक भाग जुनं शेणखत नि बागेतली माती मिळून. मुरूम मिळाला नाही तर विटांचे तुकडे. तळाशी गिट्टीचा थर घालतात तो घालू नका. त्याने निचरा होत नाही, उलट ओला थर तेवढा वर सरकतो आणि मुळांना भेटतो. मी सात वर्षं गिट्टी घालत होतो, कारण सगळेच घालतात. वर मात्र, खोडाभोवती, बोटभर खडी पसरा. काटोलचं "बूड कोरडं ठेवा" ते हेच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे छत. 8 फूट बाय 4 फूट पारदर्शक पत्रा, लोखंडी अँगलवर, उतार देऊन, चारी बाजू उघड्या. वेल्डरसकट साडेचार हजार लागले होते. 10 जूनला कुंड्या त्याखाली जातात त्या दसऱ्यापर्यंत. आजूबाजूला धो-धो पाऊस आणि मी छत्री घेऊन आठ-दहा दिवसांतून एकदा झारीने पाणी घालतोय, हे दृश्य आमच्या सोसायटीत प्रसिद्ध आहे. बाजू बंद करू नका, नाहीतर आत वाफ कोंडते आणि पानांवर बुरशी येते. जूनच्या सुरुवातीला झाड आतून विरळ करा, तिसरा भाग कापा, पण पानं नसलेल्या जुन्या लाकडात कात्री घालू नका. रोजमेरी आणि लॅव्हेंडर तिथून परत फुटत नाहीत.

एवढं करून रोजमेरी माझ्याकडे वर्षानुवर्षं टिकली आहे. डिसेंबर 2018 मध्ये नागपूर 3.5 अंशांवर गेलं, मी तुळशीला गोणपाट गुंडाळत होतो आणि ही बाई खुशाल फुलली होती.

लॅव्हेंडरचं खरं सांगतो, जे चित्रात दिसतं ते, निळ्या रांगांचं, नागपुरात विसरा. त्याला कडक थंडी पाहिजे. जम्मूत भदरवाहकडे आता त्याची शेती होते, जांभळी क्रांती म्हणतात, पण तिथली थंडी कुरियरने येत नाही. दातेरी पानांचं येतं ते मागा, डेंटाटा. किंवा बारीक चिरलेल्या पानांचं मल्टिफिडा, ते बियांपासून ऑक्टोबरात करता येतं आणि हिवाळाभर फुलतं. मेलं तर मेलं, पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा पेरायचं. आणि एक गंमत, लॅव्हेंडरचं एक भावंड आपलंच आहे. दख्खनच्या माळरानावर पावसाळा सरला की निळसर फुलांचे तुरे दिसतात, घोडेघुई. लॅव्हेंडरच्याच कुळातली, नव्हे त्याच वंशातली. बाटलीतल्या अत्तराचा वास नाही तिला, पण तिला कोणी साडेचार हजारांचं छतही करत नाही.

ऑलिव्हची काळजी करू नका. ते वाढत नाहीये, कारण तुम्ही ते बघताय. पारिजातक, मोगरा, जाई ही त्याची चुलत भावंडं, एकाच कुळातली, म्हणून आपली हवा त्याला अगदी परकी नाही. राजस्थानात लुणकरणसरकडे त्याच्या बागा आहेत. पण फुलोऱ्यासाठी त्याला लागोपाठ बरीच थंडी लागते, आणि आपली थंडी येते, एक आठवडा दात वाजवते आणि दुपारी तीस अंश दाखवून जाते. लोणच्याला फळं मिळतील या आशेवर राहू नका. रुपेरी पानांसाठी ठेवा.

जेवायची वेळ झाली का बघतो तर अजून सात वाजलेत. बाकीचं संध्याकाळी. रब्बीबद्दल सांगायचंय, ते सगळ्यात महत्त्वाचं.

धंतोलीकर_जुना · 7 ऑगस्ट, दुपारी 1.10

एवढा खटाटोप कशासाठी? मोगरा लावा, तुळस लावा, गुलबक्षी लावा. आपल्या मातीतलं ते आपलं. पिझ्झ्यावर टाकायला झाडं लावायची आणि मग रडायचं.

मृगबहार_काटोल · 7 ऑगस्ट, दुपारी 1.35

काका, गुलबक्षी अमेरिकेतून आली. अन् संत्रं तरी कुठचं नागपूरचं? रघुजी भोसल्यानं औरंगाबादेहून आणवलं म्हणतात. आणलं तवाच तर आज आमी पोट भरून राहिलो.

कागदपत्रवाला · 7 ऑगस्ट, सायंकाळी 5.50

मी आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो, तेवढ्याच प्रश्नाला उत्तर देतो. पाकिटातून बी मागवू नका. झाडं, कंद, काड्या, बी, काहीही देशाबाहेरून आणायचं तर 2003 चा वनस्पती क्वारंटाइन आदेश लागू होतो. आपल्याकडून आधी आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र, दोन्ही हवं. सोबत हातातल्या बॅगेत आणणंही त्यातच आलं. फुकट भेट आहे, दहाच बिया आहेत, याने काही फरक पडत नाही. बंदरावर किंवा विमानतळावर सापडलं तर माल जप्त होऊन नष्ट केला जातो, आणि नाही सापडलं तर अजून वाईट, कारण बियांसोबत काय आलं ते तुम्हाला कळणार नाही. काटोलच्या बागेपासून त्रिमूर्तीनगर किती लांब आहे याचा विचार करा.

देशात मिळणारी झाडं पुरेशी आहेत. पुण्याकडे उरुळी कांचन, सोरतापवाडीचा पट्टा आणि आंध्रातलं कडियम, बहुतेक नर्सऱ्यांचा माल या दोन ठिकाणांहून फिरतो. नागपूरच्या नर्सरीवाल्याला नाव लिहून दिलं आणि दोन-चार जणांची मागणी एकत्र केली तर तो पुढच्या गाडीत आणून देतो. नाव लॅटिनमध्ये लिहून द्या, "लॅव्हेंडर" म्हणाल तर साल्व्हिया येणारच. कुरियरने मागवायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीत मागवलं तर झाड खोक्यातून बाहेर येऊन स्थिरावतं न स्थिरावतं तोच उन्हाळा.

प्रतापनगर_तिसरा_मजला · 7 ऑगस्ट, सायंकाळी 7.20

कागदपत्रवाल्यांना पूर्ण अनुमोदन. कुरियरच्या झाडाबद्दल एक भर: ते कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गोळ्यात येतं. तो गोळा तसाच मुरमात बसवला तर बाहेर कोरडं आणि आत स्पंज. नोव्हेंबरात मुळं बादलीत हलकेच धुऊन कोकोपीट काढा आणि मग लावा. मेमध्ये हा उद्योग केलात तर झाड मरेल, म्हणूनच थंडीत मागवा.

रोजमेरीसाठी मात्र झाड मागवायचीच गरज नाही. मोठ्या दुकानात भाजीच्या फ्रीजमध्ये ताज्या रोजमेरीचं पाकीट मिळतं, चाळीस-पन्नास रुपयांना. त्यातल्या हिरव्या, टोकाच्या, चार इंची काड्या घ्या, खालची अर्धी पानं काढा आणि धुतलेल्या रेतीत खोचा. दसऱ्यानंतर, सावलीत. महिना-दीड महिन्यात मुळं येतात. फार काळ फ्रीजमध्ये राहिलेल्या काळपट काड्या लागत नाहीत, पाकीट हातात घेऊन बघा. दर हिवाळ्यात अशा दहा-बारा काड्या मी लावतो, मोठं झाड दगावलं तर घरात वारस असावा म्हणून.

आता रब्बी.

आपण उगाच समजतो की ही झाडं आपल्याला परकी आहेत. हरभरा, मसूर, जवस, धणे, मेथी कुठून आले? सगळे भूमध्य समुद्र आणि त्याच्या पूर्वेकडच्या मुलखातले. तिकडे थंडीतल्या पावसावर उगवून उन्हाळ्याआधी बी टाकून मरायचं, ही त्यांची रीत. आपल्याकडे थंडीत पाऊस नाही, पण पावसाळ्याची ओल काळ्या मातीत उरते, ती त्यांना पुरते. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च आपल्याकडे भूमध्य प्रदेशच असतो. जे झाड या सहा महिन्यांत आपलं सगळं उरकून घेतं, ते नागपुरात लावा. बारमाही झुडपं हा जुगार आहे, हंगामी फुलं हा पगार.

म्हणून मी आधी नर्सरीत जात नाही, इतवारीत किराणा घ्यायला जातो. कलौंजी आणा आणि 15 ऑक्टोबरच्या सुमारास पेरा, फिकट फुलं येतात. जवस पेरा, सकाळी निळा आणि दुपारी पाकळ्या खाली. बडीशेप वाढू द्या, पुरुषभर होते. पाचशे रुपयांच्या परदेशी पाकिटातही याच कुळातली मंडळी असतात. फक्त भाजलेलं नाही ना ते बघा, आणि खसखस मात्र पेरू नका. ते अफूचं झाड आहे आणि परवान्याशिवाय लावणं 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे. पॉपी हवी तर कॅलिफोर्निया पॉपीचं बी घ्या. ते थेट कुंडीत पेरा, रोप उचलून लावलेलं तिला सहन होत नाही. स्वीट पी सिसिलीची, आपल्या लाखोळीची सख्खी बहीण. भंडाऱ्याकडे धानाच्या उभ्या पिकात लाखोळी फेकतात आणि ती उरलेल्या ओलीवर येते. त्याच सुमारास स्वीट पी लावा, फेब्रुवारीत खोली वासाने भरते.

कंद दुसरा पगार. फ्रीजिया केपटाउनकडचा आहे. ऑक्टोबरच्या शेवटी लावायचा, दोन इंच खोल, फेब्रुवारीत फुलं, एप्रिलमध्ये पानं वाळली की कंद काढून कापडी पिशवीत. आणि इथे आपल्या उन्हाळ्याचा चक्क उपयोग होतो. फ्रीजियाच्या कंदाची झोप मोडायला ऊब लागते, हॉलंडमध्ये तीस अंशांच्या खोलीत अडीच-तीन महिने ठेवतात. त्यासाठी ते वीज जाळतात. माझी माळ्यावरची खोली हेच काम फुकट करते.

फक्त कंद उंच ठेवा. 2023 च्या सप्टेंबरात मी अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. जिन्याखाली बुटांच्या खोक्यात 140 कंद, आठ वर्षांचं जमवलेलं. 23 तारखेच्या पहाटे तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, आणि चार वाजता मी कमरेएवढ्या पाण्यात उभा. बायको म्हणाली कागदपत्रं वर घ्या, मी आधी खोकं शोधलं. दोन्ही भिजलं. कागद वाळले. कंदांचा आठवड्यात लगदा झाला. माझ्या नावात तिसरा मजला का आहे, ते कोणी विचारलं नाही पण सांगून ठेवतो.

कांगारू पॉ आणि केपटाउनकडची प्रोटिया यांच्या वाटेला जाऊ नका. प्रोटियाला आंबट, निकृष्ट माती लागते, आपली चुन्याची. त्यात तिची मुळं स्फुरदाला इतकी हावरी असतात की चिमूटभर डीएपी खतानेही झाड जळतं. बियांना धुराचा वास लागल्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत, तिकडे वणव्यानंतर उगवतात म्हणून. मी एकदा गोवऱ्या पेटवून, धूर पाण्यात धरून हा प्रयोग केला होता, बी भारतातच विकत मिळालं होतं. वीसपैकी तीन उगवले. तीनही जुलैत गेले. सोसायटीने मात्र धुराबद्दल नोटीस लावली ती वर्षभर टिकली.

धंतोलीकर, तुमचाही मुद्दा सोडत नाही. इटलीवाले केपरच्या कळ्या खारवून खातात. आपली वाघाटी त्याच वंशातली वेल. आषाढी द्वादशीला वाघाट्याची भाजी आपण करतोच. लावा ती कुंपणावर, ना छत लागतं ना मुरूम.

गच्ची_त्रिमूर्तीनगर · 8 ऑगस्ट, रात्री 10.05

काका, तुमचं वाचून वही पुन्हा उघडली. तीन वर्षांत मे महिन्याच्या पानावर एकही काट नाही. मीच लिहिलेलं, मलाच दिसलं नाही. भाचीला नको म्हणून कळवलं.

ऑलिव्हची कुंडी आजच विटांवर चढवली. खालचं भोक खरोखर स्लॅबला चिकटलेलं होतं, सळई घातली तर पेलाभर काळं पाणी आलं. ते जगेल ना? आणि मुरूम शहरात कुठे मिळतो, मला पोतंभरच हवाय, ट्रकभर नको.

प्रतापनगर_तिसरा_मजला · 9 ऑगस्ट, सकाळी 6.05

जगेल. आता पाणी बंद, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी सरकवा, दोन आठवडे बघूही नका. मुरूम जिथे प्लॉटचं भरण चालू असेल तिथल्या मुकादमाला विचारा, सिमेंटचं रिकामं पोतं घेऊन जा. चहाच्या पैशात भरून देतात. घरी आणून दोनदा धुवा, बारीक माती निघून गेली पाहिजे.

गच्ची_त्रिमूर्तीनगर · 23 नोव्हेंबर, दुपारी 12.30

ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यासाठी. रोजमेरीच्या 14 काड्या 10 ऑक्टोबरला रेतीत खोचल्या, आज हलकेच उपसून पाहिल्या, 9 ना मुळं आहेत. 47 रुपयांचं पाकीट. ह्यांनी भागाकार करून एका झाडाची किंमत काढली आणि गप्प बसले. कलौंजी बोटभर आली आहे. ऑलिव्हला चार नवी पानं. स्वीट पी पाखरांनी खाल्ली, पुन्हा पेरली. छताचं माप घेऊन गेला आहे वेल्डर, पण सहा हजार सांगतो.

फ्रीजियाचे 12 कंद पुण्याहून मागवले होते, 1 नोव्हेंबरला लावले. परवा सकाळी पाहते तर कुंडी उकरलेली आणि 7 गायब. बाकीच्या पाचांना पात्यासारखी पानं आली आहेत. घूस असेल का गच्चीवर?

प्रतापनगर_तिसरा_मजला · 23 नोव्हेंबर, सायंकाळी 5.45

घूस नाही, उंदीर. फ्रीजिया त्यांना लसणीच्या चटणीसारखा आवडतो. हे मला ठाऊक होतं आणि सांगायचं राहिलं, चूक माझी. कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी कुंडीच्या तोंडावर बांधा, पानं त्यातून येतात.

वेल्डरला पाच हजारांवर देऊ नका. एप्रिलमध्ये त्यांना कूलरच्या स्टँडची कामं असतात, आत्ता मोकळे आहेत.

माझ्याकडे आठ-दहा कंद लावायचे राहिले आहेत, उशीर झालाय पण लागतील. रविवारी अकराच्या आत या. येताना आपली कुंडी आणा, मातीची, आणि लहान बघून आणा, लिफ्ट बंद आहे.